दाभोळकर कॉर्नरचा थरथराट

कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरला सिग्नल लाल झाला की माझी गाडी अंगात आल्यासारखी घुमू लागते. आरपीएमचा काटा 800 वरून 550 वर घसरतो, पुन्हा उडी मारतो, आरशाला टांगलेला गणपती 'नको नको' म्हणत मान हलवतो आणि हिरवा लागायच्या ऐन वक्ताला इंजिन डोळे मिटतं. मागचा रिक्षावाला तेवढा जागा असतो.

हीच गाडी हायवेला 80 ने पळवा, काही तक्रार नाही. नुसतं उभं राहायचं म्हटलं की जिवावर येतं. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, थ्रॉटलची (इंजिनात हवा सोडणाऱ्या दाराची) पाकळी जवळजवळ मिटलेली असते, आत जाणारी हवा जेमतेम. त्यात एखाद्या फुटक्या नळीतून चोरहवा शिरली की पेट्रोलचा हिशेब बिघडतो. पळताना हवाच एवढी असते की तेवढी चोरी खपून जाते.

कोल्हापुरात बॉनेट उघडायचा अवकाश, सल्लागार मंडळ हजर. "भावा, पेट्रोलात कचरा आलाय." "उद्यमनगरात ने आणि सेटिंग वाढवून घे की!" सेटिंग म्हणजे थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू पिळणे. कार्बोरेटरच्या जमान्यात ते ठीक होतं. इंजेक्शनच्या गाडीत मात्र तो स्क्रू कंपनीतच बसवून दिलेला असतो, आयडल ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सांभाळतो. स्क्रू पिळला की ईसीयूचा अंदाज चुकतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

म्हणून पहिल्यांदा ओबीडी स्कॅनर लावावा, तो ईसीयूने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचतो. पी0300 म्हणजे मिसिंग (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) आहे, पण कुठल्या एका सिलिंडरचं नाही. पी0301 म्हणजे पहिल्या सिलिंडरचं. पी0171 म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. इथे चोरहवेचा संशय घ्यावा. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र स्कॅनर शोधत गावभर फिरू नका. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो भाग लई महाग असतो.

कोड सापडला नाही तर प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलचे कनेक्टर एकेक करून काढून बघायचे. काढल्यावर इंजिन आणखी लंगडलं तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही तर चोर तोच. मग शेजारच्या सिलिंडरची कॉइल तिथे लावायची. मिसिंग कॉइलबरोबर सरकलं तर कॉइल गेली, जागेवरच राहिलं तर प्लग बघा. प्लगचा गॅप गाडीच्या पुस्तकात असतो, बहुतेक 0.8 ते 1.1 मिमी. झिजून तो वाढला की ठिणगी चाचपडते.

चोरहवा शोधायला चालू इंजिनवर नळ्यांच्या सांध्यांवर साबणाचं पाणी फवारायचं, वायरिंग आणि कनेक्टर वाचवून. ज्या जागी आरपीएम बदलेल तिथे भोक. कार्ब क्लीनरनेही हे जमतं, पण तो पेट घेतो आणि शेजारीच तापलेला सायलेन्सरचा पाईप असतो. मॅनिफोल्डचं पॅकिंग, ब्रेक बूस्टरची नळी आणि विशेषतः पीसीव्हीची (इंजिनातल्या वाफा परत आत नेणारी) नळी बघा. ही वरून अगदी सोज्वळ दिसते, फटी असतात खालच्या अंगाला. बोट फिरवलं की नख अडकतं.

नळ्या धड निघाल्या तर थ्रॉटल बॉडी. पाकळीच्या मागे काजळ आणि तेलाचा चिकट थर बसतो, रात्री न घासलेल्या मटणाच्या पातेल्यासारखा. थ्रॉटल क्लीनर कापडावर घेऊन पुसायचा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर चावी बंद करूनच, आणि पाकळी बोटाने ढकलायची नाही, आतले गिअर तुटतात. हवा मोजणाऱ्या मास सेन्सरवर हा क्लीनर चुकूनही नको. नंतर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे आयडल पुन्हा शिकवायचा. पाकळी स्वच्छ झाली तरी ईसीयू जुन्या काजळीच्याच हिशेबाने चालत असतो, त्यामुळे सुरुवातीला आयडल भलताच चढतो. तेव्हा घाबरून स्क्रूकडे हात नेऊ नये.

काटा स्थिर, तरी सीट थरथरतेय? मग इंजिन माउंटिंगचं रबर बसलं. त्याला थ्रॉटलवर कितीही स्प्रे मारा, उपयोग नाही.

एसी लावून शेवटची परीक्षा घ्या. कॉम्प्रेसर खटकन लागताना काटा क्षणभर दचकतो, मग ईसीयूने सावरायला हवा. माझा 850 वर टिकला, गणपतीही गप्प बसला. शेजारचे काका बॉनेटवर वाकून म्हणाले, "बघ, सेटिंग वाढवल्यावर कशी सुतासारखी झाली!"