चेंडूकडे नको, मोकळ्या सोडलेल्या गड्याकडे बघा

अमेरिकेच्या लष्करी आणि नौदल अकादमींच्या संघांमधल्या आर्मी-नेव्ही सामन्यावरच्या (अमेरिकन फुटबॉल) माझ्या लेखाखाली तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याला चार ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून हा पसारा. तुमचे आक्षेप तीन. दोन्ही संघ शंभर वर्षांपूर्वीचं धावाधावीचं फुटबॉल खेळतात, तेव्हा 12 डिसेंबर 2026 चा सामना रटाळच होणार. 2022 च्या नियमबदलाने ट्रिपल ऑप्शन (एकाच खेळीत चेंडू कुणी पळवायचा याचे तीन पर्याय) संपला, हे मला अजून कळलेलं नाही. आणि 2024 मध्ये नेव्हीने आर्मीला 31-13 असं लोळवल्यावरही मी फुलबॅकचंच (मधून पळणाऱ्या गड्याचं) तुणतुणं वाजवतोय.

मधल्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. मी ‘कट ब्लॉकवर बंदी’ असं सरसकट लिहिलं होतं. कमरेखाली ब्लॉक करायला, म्हणजे धडकून अडवायला, बंदी आहे ती टॅकल बॉक्सच्या बाहेर. सेंटरच्या (चेंडू मागे देणाऱ्या गड्याच्या) दोन्ही बाजूंना पाच-पाच यार्डांची ही चौकट. तिच्या आत लाइनमन (पुढच्या फळीतले गडी) आणि जागेवर स्थिर असलेला बॅक (त्यांच्या मागे उभा राहणारा) यांना ठरावीक अटींवर अजूनही खाली जाता येतं. फटका बसला तो कडेला. पूर्वी छोट्या चणीचा स्लॉटबॅक (फळीच्या कडेला उभा राहणारा बॅक) धावत जाऊन समोरच्या धिप्पाड लाइनबॅकरच्या (बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या गड्याच्या) मांड्यांवर झोकून द्यायचा आणि त्याला आडवा करायचा. आता त्याला उभ्यानेच भिडावं लागतं, आणि उभ्याने भिडल्यावर वजन जिंकतं. त्यामुळे ऑप्शनचा तिसरा पर्याय, म्हणजे बाहेरचा पिच (कडेने पळणाऱ्याकडे चेंडू फेकणं), पूर्वीइतका फळत नाही. ऑप्शन मेला नाही, त्याचा एक पाय लंगडा झाला. म्हणूनच मी फुलबॅकवर जोर दिला होता: कडेची वाट अरुंद झाली की मधली वाट चालायलाच हवी.

आता ‘शंभर वर्षांपूर्वीचं’ याबद्दल. ज्या व्हीअर नावाच्या आक्रमण-पद्धतीवर हे सगळं उभं आहे ती बिल योमन यांनी ह्यूस्टनमध्ये बसवली 1960 च्या दशकात. तिच्यामागची कल्पना आजही चोख आहे: ज्याला ब्लॉक करणं जड जातं त्याला ब्लॉक करूच नका, त्याला वाचा, म्हणजे तो काय करतो ते बघून ठरवा.

एक खेळी सावकाश बघू. फुलबॅक क्वार्टरबॅकच्या (आक्रमणाच्या सूत्रधाराच्या) मागे चार-पाच यार्डांवर, दोन स्लॉटबॅक टॅकलच्या (फळीच्या टोकाच्या गड्यांच्या) बाहेर जरा मागे. स्नॅपच्या (सेंटर चेंडू मागे देतो त्या क्षणाच्या) आधी एक स्लॉटबॅक आडवा पळू लागतो. तोच पुढे पिचचा माणूस. स्नॅप होतो. खेळीच्या बाजूचा टॅकल समोरच्या डिफेन्सिव्ह एंडला (बचाव फळीच्या टोकाच्या गड्याला) हातही न लावता आतून निघून थेट लाइनबॅकरवर जातो. मोकळा सुटलेला तो एंड म्हणजे पहिली किल्ली, ज्याला बघून क्वार्टरबॅक ठरवतो तो गडी. क्वार्टरबॅक चेंडू फुलबॅकच्या पोटात ठेवतो, पण सोडत नाही. फुलबॅक पुढे जात असतो, क्वार्टरबॅकचे हात चेंडूसोबत सरकत असतात, आणि त्याची नजर एंडच्या खांद्यांवर असते. खांदे आत वळले तर चेंडू काढून घ्यायचा. एंड जागेवर थांबला किंवा बाहेर सरकला तर सोडून द्यायचा. कबड्डीत कोपरारक्षक पाय धरायला झुकतो की नाही यावर चढाईपटूचं पुढचं पाऊल ठरतं, तसंच. चेंडू काढला की पुढची किल्ली त्याच्या बाहेरचा गडी. तो क्वार्टरबॅकवर आला तर पिच, पिचच्या माणसावर गेला तर क्वार्टरबॅकने स्वतःच पळायचं.

दोन गडी असे न अडवता निकालात काढले की अडवायला दोन हात जादा उरतात. वजनाने कमी पडणाऱ्या संघाला हे गणित सोयीचं आहे, आणि लष्करी अकादमीतल्या पोरांना शारीरिक चाचण्याही द्याव्या लागतात, त्यामुळे दीडशे किलोंची भिंत त्यांना उभारता येत नाही.

बिघडतं कुठे? सर्वांत आधी त्या पोटातल्या देवघेवीत. क्वार्टरबॅकला वाटतं काढला, फुलबॅकला वाटतं मिळाला, दोघे ओढतात आणि चेंडू खाली. दुसरं, बचाव किल्ल्यांची अदलाबदल करतो: एंड मुद्दाम आत झेपावतो, क्वार्टरबॅक चेंडू काढतो, तोवर मागून लाइनबॅकर वळसा घालून नेमका त्याच्यासमोर येतो. तिसरं, पिचची किल्ली कुणावरच न जाता मागे-मागे सरकत वेळ काढते. क्वार्टरबॅक चुळबुळतो, तोवर मदत पोचते. आणि पिच हुकला तर तो मागे टाकलेला पास धरतात, अपुरा पास नव्हे. चेंडू जिवंत, उचलेल त्याचा.

इतर संघांना याची तयारी करायला जेमतेम चार दिवस मिळतात आणि सरावात ही देवघेव वठवणारा क्वार्टरबॅक त्यांच्याकडे नसतो. आर्मी आणि नेव्ही मात्र वर्षानुवर्षं हेच पाहत आलेत. एकमेकांना फसवणं अवघड, म्हणून गुण कमी. त्यात घड्याळ. धाव मैदानात संपली की घड्याळ चालूच, आणि 2023 पासून प्रत्येक अर्ध्याची शेवटची दोन मिनिटं सोडली तर दहा यार्ड सर करून मिळवलेल्या पहिल्या डाऊनलाही थांबत नाही. बारा खेळ्यांची चढाई, प्रत्येक खेळीमागे पस्तीस-एक सेकंद, म्हणजे सात मिनिटं गेली. साठ मिनिटांत दोघांच्या मिळून अशा आठ-नऊच चढाया बसतात. काही लवकर आटोपतात म्हणून आकडा वाढतो इतकंच. एक फंबल (हातून निसटलेला चेंडू) म्हणजे हातातल्या मोजक्या संधींतली एक गेली. तुम्हाला हे रटाळ वाटतं; मला यात एकेका यार्डाचा भाव चढलेला दिसतो.

2023 चा शेवट आठवा. आर्मी 17-9 ने पुढे, नेव्ही गोलरेषेवर, चौथा डाऊन (शेवटचा प्रयत्न), आणि क्वार्टरबॅक रेषेच्या अलीकडेच अडवला गेला. उरलेले तीन सेकंद घालवायला आर्मीने मुद्दाम सेफ्टी, म्हणजे नेव्हीला दोन गुण, दिली, म्हणून निकाल 17-11 दिसतो. त्या 17 मधला एक टचडाऊन आर्मीच्या बचावाने फंबल उचलून 44 यार्ड पळून केला होता.

राहिला 2024. नेव्हीचा क्वार्टरबॅक ब्लेक होर्वाथ 204 यार्ड पळाला, पास मोजकेच, पण त्यांतला एक 52 यार्डांचा टचडाऊन. नेव्हीने त्या वर्षी विंग-टी या दुसऱ्या आक्रमण-पद्धतीच्या हालचाली आणल्या होत्या, हे मान्य. पण मोकळा सोडलेला गडी तिथेही होताच, फक्त त्याला गोंधळवायचे मार्ग वाढले. आणि सामन्याला वळण देण्यात चौथ्या डाऊनवरच्या एका फसव्या पंटचाही (लाथेने चेंडू दूर पाठवण्याच्या सोंगाचा) वाटा होता: लँडन रॉबिन्सन हा बचाव फळीतला जाडजूड गडी चेंडू घेऊन 29 यार्ड पळाला. असली चाल दरवर्षी चालत नाही. पुढच्याच वर्षी तोच होर्वाथ, तोच नेव्ही, आणि निकाल 17-16. विजयी टचडाऊन चौथ्या डाऊनवरच्या पासवर.

2021 पासून विजेत्याचे गुण बघा: 17, 20, 17, 31, 17. यांतल्या एका आकड्यावरून तुम्ही अंदाज बांधताय, मी उरलेल्या चारांवरून. येत्या 127 व्या सामन्यात जिंकणारा संघ 24 च्या आत राहील, हे माझं म्हणणं कायम.

न्यू जर्सीतल्या मंडळींनी विचारलं होतं: सामना होणार त्या मेटलाइफ स्टेडियमवर छप्पर नाही, डिसेंबरचा वारा आहे, आणि कॅडेट व मिडशिपमन (दोन्ही अकादमींचे विद्यार्थी) यांचं संचलन सामन्याच्या बरंच आधी सुरू होतं, तेव्हा सकाळीच निघा. तिकीट काढताना गोलमागची वरची जागा घ्या. बाजूच्या महाग जागांवरून आणि टीव्हीवरही फळीतल्या फटी दिसत नाहीत. गोलमागून एंड मोकळा सुटलेला स्नॅपबरोबर दिसतो. भारतात बघणाऱ्यांनी रविवारी पहाटे दीडचा गजर लावावा, कारण हा सामना सहसा तिथल्या दुपारी तीनला सुरू होतो. पहिल्या दोन चढायांत एंडचे खांदे कुठे वळतात ते टिपून ठेवा. मग तुमची पुढची प्रतिक्रिया त्यावरच लिहा, भांडायला मजा येईल.