कृपा, वेळापत्रक आणि बारा जणांचा वर्ग : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मेथॉडिस्ट मंडळीच्या सभासदांना विश्वासात वाढण्यासाठी आणि इतरांची सेवा करण्यासाठी कोणत्या संधी असतात, यावर मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्या वाचनात थोडा राग आला, दुसऱ्यात तो ओसरला आणि तिसऱ्यात आपले निदान एक म्हणणे मला मान्य करावे लागेल हे कळून चुकले. इतर वाचकांसाठी आपला आक्षेप थोडक्यात मांडतो. विश्वास ही देवाची देणगी आहे आणि ती कृपेने मिळते; असे असताना बायबल अभ्यास, प्रार्थनासभा, रुग्णभेट, अन्नवाटप यांची जंत्री देऊन मी मंडळीला एखाद्या समाजसेवी संस्थेच्या पंगतीला बसवले आहे. ज्यांचा स्वतःचाच विश्वास डळमळीत आहे त्यांनी सेवेला धावण्यापूर्वी आधी देवापुढे शांत बसावे. नोकरी आणि संसार सांभाळणाऱ्या माणसाने या सगळ्यासाठी वेळ आणायचा कुठून, हा आपला तिसरा मुद्दा. आणि पुष्कळांची सेवा छायाचित्र काढून होताच संपते, हा चौथा.

जे मान्य आहे ते आधी लिहितो. माझ्या लेखात दोन याद्या होत्या : एक वाढीची, दुसरी सेवेची. पहिलीत शास्त्रपाठ, प्रार्थना, प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी), उपवास; दुसरीत रुग्ण, कैदी, भुकेले, एकाकी वृद्ध. वाचणाऱ्याला साहजिकच वाटले असणार, की एका खिडकीवर विश्वास मिळतो आणि दुसऱ्या खिडकीवर तो खर्च करायचा असतो. ही मांडणी चुकली, आणि ती मेथॉडिस्ट परंपरेच्याही विरुद्ध आहे. मेथॉडिस्ट चळवळीचे संस्थापक, अठराव्या शतकातील इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली कृपेच्या साधनांविषयी, म्हणजे देवाची कृपा माणसापर्यंत पोहोचण्याच्या मार्गांविषयी, बोलत, तेव्हा प्रार्थना, शास्त्रवाचन आणि प्रभुभोजन यांच्याबरोबरच भुकेल्याला अन्न देणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे आणि तुरुंगात जाणे हीही साधनेच मानत. पहिल्या प्रकाराला ते भक्तीची कृत्ये म्हणत आणि दुसऱ्याला दयेची कृत्ये. पण दोन्हींतून येणारी कृपा एकच. त्याच वेळी त्यांनी हेही बजावून ठेवले होते, की पवित्र आत्म्यावाचून या साधनांत स्वतःची अशी कसलीही शक्ती नाही. आपल्याला नेमकी हीच भीती वाटते, आणि ती रास्त आहे. वेळापत्रक पाळले म्हणजे विश्वास वाढला, असा हिशेब कोणी करत असेल तर तो चुकतोच आहे.

मात्र आपण इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील आठव्या वचनापाशी थांबला आहात. कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे तारण झाले आहे आणि ते कर्माने नाही, हे आठव्या व नवव्या वचनांत आहे; पण त्याला लागूनच असलेले दहावे वचन सांगते, की आपण सत्कृत्यांसाठीच ख्रिस्त येशूमध्ये निर्माण झालो आहोत. ही वचने सुटी केली की वाद सुरू होतो.

आधी विश्वास पक्का करा, मग सेवेचे पाहू, हे आपले म्हणणे मेथॉडिस्ट चळवळ अगदी तान्ही असताना तिच्यासमोर जसेच्या तसे येऊन उभे राहिले होते, हे आपल्याला ठाऊक असेल की नाही, मला कल्पना नाही. लंडनमधील फेटर लेन येथील मंडळात १७३९ च्या अखेरीस फिलिप मोल्टर या मोरेव्हियन (मध्य युरोपातून आलेल्या एका प्रोटेस्टंट पंथाच्या) उपदेशकाची शिकवण रुजू लागली. ज्याला पूर्ण विश्वास लाभलेला नाही त्याने प्रभुभोजन घेऊ नये, प्रार्थनेची वा शास्त्रवाचनाची धडपड करू नये, केवळ स्तब्ध राहून वाट पाहावी, असे ते सांगत. या शिकवणीमागचा हेतू वाईट नव्हता. कर्मकांडाचा अहंकार मोडावा, हाच तिचा रोख होता. तरीही वेस्ली यांनी महिनोन्‌महिने समजावून पाहिले आणि अखेर जुलै १७४० मध्ये ते त्या मंडळातून बाहेर पडले. त्यांचे म्हणणे असे, की प्रभूने ही साधने दुबळ्यांसाठीच ठेवली आहेत. ज्याचे पाय लटपटतात त्याची काठी काढून घेऊन त्याला नीट चालता येईपर्यंत थांब म्हणण्यात काय अर्थ आहे? काठीची उपमा माझी आहे, मुद्दा त्यांचा.

याच्या मागे त्यांचा स्वतःचा अनुभव होता. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरील एका सभेत, रोमकरांस लिहिलेल्या पत्राची जर्मन धर्मसुधारक ल्यूथर यांनी लिहिलेली प्रस्तावना वाचली जात असताना, वेस्ली यांना आपल्या अंतःकरणात विलक्षण ऊब जाणवली, ही गोष्ट आपल्या मंडळ्यांत दरवर्षी सांगितली जाते. त्या सभेला ते मुळीच मनापासून गेले नव्हते, एवढाही तपशील पुष्कळांना माहीत असतो. पण त्याच्या आठ वर्षे आधी, १७३० साली, विल्यम मॉर्गन नावाच्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून ऑक्सफर्डच्या किल्ल्यातील तुरुंगात कैद्यांना भेटायला त्यांनी सुरुवात केली होती, हे मात्र आपण विसरतो. म्हणजे आपल्या विश्वासाची खात्री नंतर आली. तुरुंगाच्या पायऱ्या आधी चढून झाल्या होत्या. तारण त्या फेऱ्यांमुळे मिळाले, असे वेस्ली कधीही म्हणाले नसते, आणि मीही म्हणत नाही. परंतु डळमळीत विश्वासाच्या माणसाला त्या आठ वर्षांत घरी बसवले असते, तर मे महिन्यातली ती संध्याकाळ त्याच्या वाट्याला अधिक लवकर आली असती, असे मला वाटत नाही. मार्च १७३८ मध्ये आपल्याजवळ विश्वासच नाही या जाणिवेने खचून ते उपदेश सोडायला निघाले, तेव्हा पीटर बोलर या मोरेव्हियन मित्रानेच त्यांना अडवले आणि विश्वास लाभेपर्यंत विश्वासाचाच उपदेश करत राहा, असे सांगितले. पुढे वाद मोरेव्हियनांशीच व्हावा, हा इतिहासाचा मिश्कीलपणा म्हणायचा.

आता वेळेचा प्रश्न. माझ्या लेखात खरी उणीव राहिली ती इथेच, आणि तिच्याकडे आपणही बोट दाखवलेले नाही. मी कार्यक्रम सांगितले, पण त्यांना एकत्र बांधणारा वर्ग सांगायचा राहिला. मेथॉडिस्टांचा वर्ग म्हणजे शिकवणीचा वर्ग नव्हे; तो दर आठवड्याला भेटून एकमेकांची विचारपूस करणारा दहा-बारा सभासदांचा गट. त्याचा जन्म कर्जातून झाला. १५ फेब्रुवारी १७४२ रोजी ब्रिस्टलमध्ये उपासनागृहाचे कर्ज कसे फेडावे यावर बैठक बसली होती. कॅप्टन फॉय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका सभासदाने सुचवले, की कर्ज फिटेपर्यंत प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हणाले, पुष्कळ जण गरीब आहेत, त्यांना तेवढेही परवडणार नाही. त्यावर तो म्हणाला, मग सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, आणि ज्यांना काहीच देता येणार नाही त्यांचे मी माझ्या पदरचे भरीन.

पुढे जे घडले ते कोणी आखलेले नव्हते. पेनी गोळा करायला दारोदार जाणाऱ्यांना त्या दारांमागचे दिसू लागले. कोणी पुन्हा दारूला लागला होता, कुठे नवरा-बायकोचे धड बोलणे नव्हते. ही बातमी वेस्ली यांच्या कानावर आली तेव्हा, इतके दिवस आपल्याला हवे होते ते हेच, असे त्यांना वाटले. वसुली बाजूला राहिली नाही, पण तिच्या निमित्ताने माणसांची विचारपूस सुरू झाली. थोड्याच काळात घरोघर जाण्याऐवजी सगळ्यांनी आठवड्यातून एकदा एके ठिकाणी जमावे असे ठरले. त्याची कारणे पाहिली तर ती वेळेचीच आणि गैरसोयीची आहेत : घरोघर फिरण्यात फार वेळ जाई, कित्येक सभासद इतरांच्या घरी चाकरीला होते आणि मालक वर्गपुढाऱ्याला (वर्गाची जबाबदारी घेणाऱ्या सभासदाला) दारात उभे करत नसत, आणि ज्यांचे आपापसात बिनसले होते त्यांना समोरासमोर आणल्याशिवाय गैरसमज मिटत नसत. हे सभासद खाणीत, शेतात आणि परक्याच्या स्वयंपाकघरात राबणारे होते. रिकामा वेळ त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त होता, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

म्हणून वेळ नाही या तक्रारीला माझे उत्तर असे, की सात कार्यक्रमांना जाऊ नका. दर संध्याकाळी काही ना काही ठेवणारी मंडळी मला फारशी निरोगी वाटत नाही. तिथे तीच ती दहा माणसे सगळीकडे दिसतात आणि दोन वर्षांत थकून जातात. रविवारची उपासना, आठवड्यातला एक तास दहा-बारा जणांच्या वर्गात, आणि सेवेचे एकच काम, पण नेमाने. त्या एका तासात वर्गपुढारी प्रत्येकाला विचारतो, की तुझ्या जिवाचे कसे चालले आहे. प्रश्न साधा दिसतो. पण आठवडाभर ओळखीच्या चेहऱ्यांपुढे सगळे ठीक आहे म्हणत फिरलेल्या माणसाला त्याचे खरे उत्तर देताना घशाला कोरड पडते. माझी पडली होती.

वाढ आणि सेवा यांचा सांधा या तासात जुळतो. मी कोणाला भेटायला जाणार होतो आणि गेलो नाही, हे तिथे सांगावे लागते. आणि गेलो तर काय पाहिले, कशाने मन विटले, कोणत्या प्रश्नापुढे मी निरुत्तर झालो, हेही तिथेच बोलले जाते. एरवी सेवा करणारा आपल्या धांदलीत कोरडा पडतो आणि अभ्यास करणारा नुसते टिपण वाढवत बसतो. १७४३ च्या सर्वसाधारण नियमांत वेस्ली यांनी तीनच गोष्टी मागितल्या होत्या : अपाय करू नका, शक्य तितके भले करा, आणि देवाने लावून दिलेल्या विधींना हजर राहा. भले करणे हे तिथे उपासनेच्या आधी आले आहे, यावर मी कोणताही सिद्धांत उभारत नाही. पण ते एकाच यादीत आहे, एवढे लक्षात घ्यावे.

छायाचित्रांविषयी मी आपल्या बाजूचा आहे. वेस्ली यांनी १७८६ साली रुग्णभेटीवर एक प्रवचन लिहिले. भेटणे या शब्दाचा मूळ अर्थच नजरेने पाहणे असा आहे आणि स्वतः हजर नसताना तो पाळता येत नाही, असे त्यात ते म्हणतात. श्रीमंतांना गरिबांबद्दल कळवळा वाटत नाही याचे एक मोठे कारण ते त्यांच्याकडे क्वचित जातात हेच आहे, असेही ते स्पष्ट लिहितात. शिवाय आधी आजाऱ्याच्या पोटापाण्याची, कपड्यालत्त्याची, सरपणाची चौकशी करा आणि मग आत्म्याचे विचारा, हा क्रमही त्यांनीच सांगितला. लंडनमध्ये त्यांनी शहराचे २३ भाग पाडून प्रत्येक भागात दोन असे ४६ रुग्णभेटकर्ते नेमले होते; प्रत्येक आजाऱ्याला आठवड्यातून तीनदा भेटायचे, असा दंडक होता. त्यांना दिलेल्या नियमांत सौम्य आणि सहनशील असा, आजाऱ्यासाठी जे कराल त्यात स्वच्छता राखा, हे तर आहेच. पण शेवटचा नियम मला सर्वांत आवडतो. त्याचा भावार्थ इतकाच, की नाक मुरडू नका. ज्याने तो लिहिला त्याने आजाऱ्याची खोली पाहिली होती, यात शंका नाही.

आणि नियम घालून देणारा माणूस स्वतः घरात बसला नाही. जानेवारी १७८५ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, लंडनच्या वितळत्या बर्फातून घोट्यापर्यंत भिजलेल्या पायांनी पाच दिवस हिंडून वेस्ली यांनी गरिबांच्या कपड्यांसाठी २०० पौंड मागून आणले. विश्वास पुरेसा पक्का झाला की धावपळ संपते, असे निदान त्यांच्या बाबतीत तरी दिसले नाही.

माझा स्वतःचा अनुभव याहून फारच लहान आहे. वर्गात नाव पुकारले गेले म्हणून, काहीशा नाखुशीने, मी अंथरुणाला खिळलेल्या एका वृद्ध बाईंकडे जाऊ लागलो. पहिल्या भेटीत मी स्तोत्र १२१ वाचायला घेतले आणि घड्याळाकडे पाहत भरभर वाचू लागलो. दुसऱ्या ओळीवर त्यांनी चादरीखालून हात काढून पुस्तकाच्या पानावर ठेवला आणि म्हणाल्या, "हळू वाच बाबा, मला कुठे जायचंय?" मी पुन्हा पहिल्यापासून वाचले. ते स्तोत्र मला लहानपणापासून पाठ होते. त्या दिवशी मात्र ते कोणासाठी लिहिले आहे हे कळले. आपण विचाराल, की ही वाढ होती की सेवा? त्या खोलीत कोण कोणाची सेवा करत होते, हेच मला सांगता येणार नाही.

आपल्या प्रतिक्रियेनंतर मी मूळ लेखातल्या दोन्ही याद्या काढून टाकल्या आहेत आणि त्या जागी वर्गाविषयी लिहिले आहे. आपल्या मंडळीत असा वर्ग नसेल तर पाळकांशी बोलून पाहावे. बारा जण जमले नाहीत तरी चौघांपासून सुरुवात होते. आजारपणामुळे उपासनेला येऊ न शकणाऱ्यांची नावे पाळकांकडे असतातच. त्यांतले एकच नाव घ्यावे, एकदा जाऊन थांबू नये, आणि फोन खिशात ठेवावा. तीन महिन्यांनीही आपला आक्षेप कायम राहिला, तर तो पुन्हा अवश्य लिहावा. मी तोही तीनदा वाचेन.