"काहीतरी असल्याशिवाय कुणी उगाच धरत नाही"

2019 च्या मे महिन्यात मी धाकट्या बहिणीकडे मिशिगनला गेले होते. गावाचं नाव नोव्हाय. स्पेलिंग बघून आपण 'नोव्ही' म्हणतो, तिथले लोक 'नोव्हाय' म्हणतात. डेट्रॉइटच्या गाड्यांच्या धंद्यामुळे त्या भागात आपली माणसं भरपूर.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सोसायटीतल्या काकू आल्या. त्यांचा मुलगा तिकडेच राहतो. त्याच्यासाठी भाजणी, मेतकूट, गोडा मसाला असं सगळं नीट बांधून आणलेलं, आणि वर रुमालात गुंडाळलेला एक पेनड्राइव्ह. "धाकटीच्या लग्नाचे फोटो आहेत गं. व्हॉट्सॲपवर पाठवले की फाटतात." मी तो पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला. मुंबईला चेक-इनच्या काउंटरवर मुलीने विचारलं, बॅग तुम्हीच भरलीय ना? कुणी काही न्यायला दिलंय का? मी मान हलवून "नाही" म्हटलं. सगळेच म्हणतात. त्या पेनड्राइव्हमध्ये काय आहे हे मी पाहिलं नव्हतं. पाहायचं माझ्या मनातही आलं नाही. काकूंना मी वीस वर्षं ओळखते.

नोव्हायला पोचल्यावर पहिल्याच शनिवारी बहिणीकडे पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ घेऊन यायचं जेवण. जेवणं झाल्यावर विषय निघाला तो पॉल व्हेलन या अमेरिकन माणसाचा, कारण तो त्याच गावचा रहिवासी. 28 डिसेंबर 2018 ला मॉस्कोच्या मेट्रोपोल हॉटेलात रशियाच्या एफएसबी या सुरक्षा-यंत्रणेने त्याला हेरगिरीच्या आरोपाखाली पकडलं होतं. तो तेव्हा मॉस्कोच्या लेफोर्तोव्हो तुरुंगात होता. एक जण म्हणाला, "चार-चार पासपोर्ट कशाला लागतात माणसाला?" दुसऱ्याने सांगितलं, "अमेरिकेच्या मरीन सैन्यात होता, तिथून हाकललाय." मग रशियन फेसबुकवर त्याचे मित्र, त्यातले कित्येक लष्करातले, हेही निघालं. आणि मी, हातात आमरसाची वाटी घेऊन, म्हटलं, "काहीतरी असल्याशिवाय कुणी उगाच धरत नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. हे वाक्य आपल्याकडे इतकं सहज तोंडात येतं की ते बोलल्याचं लक्षातही राहत नाही. माझ्या लक्षात राहिलं ते दुसऱ्या दिवशी. काकूंच्या मुलाला सामान द्यायला गेले. बोलता बोलता बहिणीच्या नवऱ्याने सांगितलं की व्हेलनच्या हातात सापडलं ते काय, तर एक पेनड्राइव्ह. वर्षानुवर्षं ओळख असलेल्या एका रशियन मित्राने दिलेला. त्याच्या वकिलाचं म्हणणं, त्यात जुन्या सहलीचे फोटो आहेत असं तो समजून चालला होता आणि त्याने तो उघडूनही पाहिला नव्हता. एफएसबीचं म्हणणं, त्यात एका गुप्त संस्थेतल्या लोकांच्या नावांची यादी होती. मी तेव्हा पर्समधून रुमाल काढत होते. हात तिथेच थांबला.

तेव्हापासून या माणसाच्या बातम्या मी सोडल्या नाहीत. आज लिहितेय, कारण तो सुटून आला तरी ते वाक्य अजून जिवंत आहे. परवाच एका ग्रुपवर त्याच्या सुटकेबद्दल कुणीतरी लिहिलं, "सोडवायला एवढा आटापिटा केला म्हणजे नक्की हेरच असणार."

तर आधी त्या संशयांकडे नीट बघूया.

चार पासपोर्ट. आई-वडील ब्रिटिश, घराण्याचं मूळ आयरिश, जन्म कॅनडात ओटावाला, वाढला मिशिगनमध्ये. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा. झाले चार. माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये तीन देशांची कागदपत्रं एकत्र पडलेली असतात. ती आधी टोरंटोला होती म्हणून कॅनडियन, नवरा भारतीय पासपोर्टवर ग्रीन कार्डवाला, पोरगी जन्माने अमेरिकन. उद्या तिला कुठे पकडलं तर तो ड्रॉवर पुरावा ठरेल का? शिवाय खोटं नाव घ्यायचंच असतं, तर चारही पासपोर्ट एकाच, खऱ्या नावाचे कोण बाळगेल?

मरीनमधून हाकलला हे मात्र खरं आहे. 2008 मध्ये कोर्ट मार्शल झालं. चोरीचा प्रयत्न, दुसऱ्याचा सोशल सिक्युरिटी नंबर वापरणं, न वटणारे चेक, असे आरोप सिद्ध झाले आणि गैरवर्तनाचा शेरा मारून त्याला घालवलं. घरच्यांनाही हे बातम्या आल्यावरच कळलं. मला यात धक्का बसण्यासारखं आहे आणि मी ते झाकणार नाही. पण हा शेरा हेरगिरीच्या बाजूने जातो की विरुद्ध? सीआयएतून निवृत्त झालेल्या अनेकांनी तेव्हा जाहीरपणे सांगितलं की असा डाग असलेल्या माणसाला, तोही राजनैतिक संरक्षण नसताना, ती संस्था रशियात पाठवणार नाही. वकिलातीत नेमलेला अधिकारी पकडला गेला तर त्याला देशाबाहेर काढतात, विषय संपतो. साध्या पर्यटकाच्या पासपोर्टवर गेलेल्याला सरळ तुरुंग. रशियाच्या फौजदारी कायद्यात कलम 276 खाली दहा ते वीस वर्षं. एका पेनड्राइव्हसाठी असा जुगार कोण खेळेल?

रशियन मित्र? तो 2006 पासून रशियाला जात होता. पहिल्यांदा गेला तो इराकमधल्या तैनातीतून सुट्टी मिळाली म्हणून. देश आवडला, थोडी भाषा शिकला, लोकांशी पत्रव्यवहार ठेवला. 2018 ला गेला तो जुन्या मरीन मित्राच्या लग्नाला. मुलगी रशियन. त्या दिवशी सकाळी वऱ्हाडाला क्रेमलिन दाखवून आणलं, दुपारी हॉटेलवर परतला, आणि संध्याकाळी लग्नाला आलाच नाही. घरच्यांना वाटलं अपघात झाला, कुणी लुटलं. त्याचा जुळा भाऊ डेव्हिड मॉस्कोत कुणी अमेरिकन मेल्याची बातमी आहे का हे इंटरनेटवर शोधत होता, तेव्हा त्याला अटकेची बातमी सापडली. निदान जिवंत आहे, असं वाटलं म्हणे.

लग्नघरातून माणूस नाहीसा होतो, वऱ्हाडी ताटकळतात. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आता अटकेच्या वेळेकडे बघा. त्याच्या पंधरा दिवस आधी, 13 डिसेंबरला, मारिया बुटिना या रशियन बाईने अमेरिकेच्या कोर्टात गुन्हा कबूल केला होता. रशियाची हस्तक म्हणून नोंदणी न करता काम केल्याचा तो खटला. ज्यांना जुन्या गोष्टी माहीत होत्या त्यांना लगेच 1986 आठवलं. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघातला गेनादी झाखारोव्ह हा सोव्हिएत कर्मचारी पकडला गेला, आणि काही दिवसांतच मॉस्कोत निकोलस डॅनिलॉफ या अमेरिकी पत्रकाराला केजीबीने उचललं. कसं? ओळखीच्या माणसाने एक बंद पुडकं हातात दिलं. आत वर्तमानपत्रांची कात्रणं असतील असं त्याला वाटलं, निघाले लष्करी नकाशे आणि फोटो. ठेवलं तेही लेफोर्तोव्होतच. काही आठवड्यांत सौदा होऊन दोघेही सुटले. तीस-बत्तीस वर्षांत पुडक्याचा पेनड्राइव्ह झाला, एवढाच फरक.

व्हेलनला मात्र काही आठवडे नाही, साडेपाच वर्षं लागली.

त्याचा खटला बंद दाराआड चालला. पुरावा काय, साक्षी कुणाच्या, काहीच बाहेर आलं नाही. अमेरिकेचे राजदूत जॉन सुलिव्हन यांनी निकालानंतर कडक शब्दांत निषेध केला. त्याआधी काही दिवस तुरुंगात हर्नियाचा त्रास इतका वाढला की तातडीने ऑपरेशन करावं लागलं होतं. 15 जून 2020 ला तो काचेच्या पिंजऱ्यात उभा राहिला, हातात कागद धरून. हा खटला म्हणजे बनाव आहे, असं स्वतःच्या हाताने लिहिलेलं. न्यायाधीशांनी निकाल रशियन भाषेत वाचला. सोळा वर्षं. त्याला काय वाचलं ते कळलंच नाही. कुणी भाषांतर करून सांगत नव्हतं.

इथे मी थांबले होते, कारण भाषेची ही गोष्ट मला आधी कुठेतरी लागली होती.

25 डिसेंबर 2017. इस्लामाबाद. कुलभूषण जाधव यांच्या आई अवंतीबाई आणि पत्नी त्यांना भेटायला गेल्या. मधे काच, बोलायला इंटरकॉम. आत जाण्याआधी दोघींचं मंगळसूत्र, बांगड्या, टिकली काढायला लावली. फक्त साडी नेसणाऱ्या त्या माउलीला सलवार-कुडता घालायला लावला. आणि मराठीत बोलायला मनाई. आई मराठीत बोलू लागली की अडवायचे. सुषमा स्वराज यांनी 28 डिसेंबरला संसदेत सांगितलं की आईचं मोकळं कपाळ आणि मोकळा गळा पाहून मुलाने पहिला प्रश्न विचारला, "बाबा कसे आहेत?"

त्या दिवशी मी टीव्हीसमोर रडले होते. तुमच्यापैकी किती तरी जण रडले असतील. आपल्याला तेव्हा कुणी सांगितलं असतं की "काहीतरी असल्याशिवाय धरत नाही", तर आपण त्या माणसाला घरातून बाहेर काढलं असतं. पाकिस्तानने तर त्यांच्या नावावर दुसऱ्याच नावाचा पासपोर्ट दाखवला होता. जगभरात कित्येकांनी तेवढ्यावरून निकाल देऊन टाकला, जसा मी आमरस खाता खाता नोव्हायमध्ये दिला. आपण काय म्हणत होतो? लष्करी कोर्टात बंद दाराआड दिलेली फाशी आम्ही मानत नाही. वकिलातीच्या माणसाला भेटू द्या. पुरावा दाखवा. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 17 जुलै 2019 ला वकिलातीच्या भेटीबद्दल आपलं म्हणणं मान्य केलं, पंधरा विरुद्ध एक मतांनी. ते म्हणणं सांगलीत जन्मलेल्या माणसासाठी बरोबर होतं, तर मिशिगनच्या माणसासाठी का नाही?

कुणी म्हणेल, सरकारं खोटं बोलतात, अमेरिकाही बोलते. बोलते. रॉबर्ट लेव्हिन्सन हा एफबीआयचा निवृत्त अधिकारी मार्च 2007 मध्ये इराणच्या किश बेटावर नाहीसा झाला. सरकार वर्षानुवर्षं सांगत राहिलं की तो खासगी कामासाठी गेला होता. 2013 मध्ये पत्रकारांनी उघड केलं की सीआयएतल्याच काही विश्लेषकांनी त्याला, नियम डावलून, पाठवलं होतं. तो परत आलाच नाही. आणि परदेशात अन्यायाने डांबलेल्या अमेरिकनांना सोडवण्यासाठी 2020 च्या अखेरीस जो कायदा झाला, त्याला त्याचंच नाव आहे. म्हणून मी असं म्हणत नाही की पकडलेला प्रत्येक जण निष्पाप. मी म्हणते, पुरावा उजेडात ठेवल्याशिवाय मी कुणाला हेर म्हणणार नाही. जिथे शंभरातला एक आरोपीसुद्धा निर्दोष सुटत नाही, त्या रशियाच्या कोर्टाने दार लावून दिलेल्या निकालावरून तर नाहीच.

आणि 'हेर' या शिक्क्याचा उपयोग काय, हे पुढच्या वर्षांत उघडंच पडलं. एप्रिल 2022 मध्ये रशियात अडकलेला दुसरा अमेरिकन, ट्रेव्हर रीड, सुटला. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकन बास्केटबॉल खेळाडू ब्रिटनी ग्रायनर सुटली, बदल्यात शस्त्रांचा रशियन व्यापारी व्हिक्टर बूट दिला. दोन्ही वेळा व्हेलन मागे राहिला. रशियाचं उत्तर ठरलेलं, याच्यावर हेरगिरीचा गुन्हा आहे, याचा हिशेब वेगळा. हिशेब म्हणजे किंमत. बर्लिनच्या बागेत दिवसाढवळ्या माणूस मारून जन्मठेप भोगणारा वादिम क्रासिकोव्ह त्यांना हवा होता. तो जर्मनीच्या ताब्यात, अमेरिकेच्या हातात नव्हताच. तोवर व्हेलन रशियातल्या मोर्दोव्हियाच्या कामगार-तुरुंगात कपडे शिवत बसला. नोकरी गेली, घर गेलं, लाडकी कुत्री फ्लोरा मागे वारली. आई-वडील म्हातारे, फोनवर आवाज ऐकायचे. मार्च 2023 मध्ये रशियाने इव्हान गेर्शकोविच या अमेरिकी पत्रकाराला येकातेरिनबर्गला त्याच कलमाखाली पकडलं, पुढच्या वर्षीच्या जुलैमध्ये त्यालाही नेमकी सोळा वर्षं दिली, तीही बंद दाराआड, आणि दोन आठवड्यांत सौदा ठरून 1 ऑगस्ट 2024 ला तुर्कस्तानातल्या अंकाराच्या विमानतळावर दोघेही सुटले. क्रासिकोव्ह मॉस्कोला उतरला तेव्हा पुतिन स्वतः गळाभेटीला हजर.

त्या रात्री वॉशिंग्टनजवळच्या अँड्र्यूज हवाई तळावर विमानातून पहिला उतरला तो व्हेलन. बारीक झालेला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी आपल्या कोटावरची झेंड्याची पिन काढून त्याला लावली. मी पुण्यात सकाळी चहा घेताना तो व्हिडिओ पाहिला आणि बहिणीला फोन लावला. तिथे अजून आदली रात्रच होती. "अगं, तुमच्या गावचा सुटला." तीही तेच बघत होती. म्हणाली, पॉटलकमधल्या त्या गृहस्थांचाही मेसेज येऊन गेला, 'बरं झालं, सुटला.' चार पासपोर्टांचं कुणी काही बोललं नाही.

जाधव अजून पाकिस्तानच्या तुरुंगात आहेत. मार्च 2016 पासून.