साका निघालेला आंबा बदलून देणं परवडतं का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘छोट्या धंद्यात खरं बोललेलंच टिकतं’ या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “कर्नाटकचा आंबा देवगड म्हणून विकणारे बक्कळ कमावतात आणि खरं सांगणारा गाळ्याचं भाडं भरताना मेटाकुटीला येतो. गिऱ्हाईक भाव विचारतं, नीतिमत्ता नाही. मी फळांचा धंदा याच कारणाने सोडला.” दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही जे पाहिलंत ते खरंच आहे. जिथे गिऱ्हाईक परत येणार नसतं, म्हणजे हायवेवर किंवा स्टँडबाहेर, तिथे लबाडी खपते. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या गाड्यांच्या बाजारावरून हेच दाखवलं होतं. माल कसा आहे हे फक्त विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर घेणारा धास्तीने सगळ्यांनाच कमी भाव देतो आणि चांगला माल आणणाऱ्याला तो भाव परवडत नाही. तो बाजारातून उठतो. तुमचं तेच झालं, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण “गिऱ्हाईक फक्त भाव विचारतं” हे मला पटत नाही. आम्ही उन्हाळ्यात पुण्यात घरून पेट्या विकतो, माल देवगड तालुक्यातल्या ओळखीच्या बागेतून येतो. फोनवर पहिला प्रश्न भावाचा असतो, हे कबूल. दुसरा प्रश्न मात्र हमखास असतो : “साका निघाला तर?”

हापूसची खरी परीक्षा तिथेच आहे. साल केशरी, देठाशी घमघमाट, आणि सुरी फिरवली की कोयीभोवतीचा गर पांढरट, स्पंजासारखा, आंबूस : हाच साका. फळ झाडावर जास्त तयार झालं किंवा काढणीनंतर तापलेल्या कातळावर पडून राहिलं की साक्याचं प्रमाण वाढतं. बाहेरून ते ना बागायतदाराला कळतं, ना दलालाला, ना मला. (साका न धरणारी ‘रत्ना’ ही जात वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने १९८१ सालीच दिली, पण लोकांना हापूसच हवा असतो.) म्हणजे पेटी घेणारा आंबा पारखून घेतच नाही, घेऊ शकत नाही. तो माणूस बघून घेतो. आम्ही सांगतो, कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, पुढच्या पेटीत तेवढे आंबे जास्त येतील. हा खर्च भावातच धरलेला असतो, त्यामुळे आमची पेटी मंडईपेक्षा महाग पडते आणि तरी तीच घरं दरवर्षी गुढीपाडव्याच्या आधीच नोंदणी करतात. साक्याबद्दल वाद घातला असता तर त्या घराबरोबर त्यांची सोसायटी आणि पाहुणेही गेले असते.

आता कर्नाटकच्या आंब्याबद्दल. तो वाईट नाही. आमरसाला पुष्कळ घरं तोच नेतात, कारण स्वस्त पडतो. ‘कर्नाटक हापूस’ अशी पाटी लावून विकला तर त्यात काही गैर नाही. गैर आहे ते देवगडच्या खोक्यात भरणं, कारण त्यात गिऱ्हाइकाबरोबर बागायतदारही लुटला जातो. वर्षभर फवारणी, राखण, मजुरी त्याची, आणि नावाचा पैसा तिसऱ्याच्याच खिशात. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्या मालालाच ते नाव लावता येईल अशी सरकारी नोंद, मिळालं. मानांकनाचा खोटा वापर हा १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं शिक्षेचा. पण प्रत्येक हातगाडीवर कोण तपासायला जाणार? म्हणून २०२५ च्या हंगामापासून देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने फळाफळावर वेगळ्या क्रमांकाचं स्टिकर लावायला घेतलं, ते मला फार मोलाचं वाटतं. खरा माल ओळखू येऊ लागला की खरं सांगणाऱ्याला त्याचा भाव मागता येतो.

पिकवण्याचंही तसंच. फळं झटपट पिकवायला वापरतात त्या कॅल्शियम कार्बाइडला बंदी आहे, इथिलीन वायूला ठरावीक प्रमाणात परवानगी आहे. आम्ही गवताच्या अढीत पिकवतो, म्हणून फळ तयार नसेल तर “अजून चार दिवस थांबा” असं सांगावं लागतं. काही जण चिडून दुसरीकडे जातात. जाऊ द्यावेत.

एक गोष्ट तुमच्या बाजूने मान्य करतो. असं नाव व्हायला दोन-तीन हंगाम जातात आणि गाळ्याचं भाडं तेवढं थांबत नाही. आम्हाला भाडं नव्हतं, घरात दुसरा पगार होता, म्हणून तग धरला. भाड्याच्या गाळ्यावर एकट्याने हे करणाऱ्याला आगाऊ नोंदणीचे पैसे हाताशी असल्याशिवाय उतरू नका, असंच मी सांगेन. तुम्ही गाळा किती भाड्याने घेतला होता, माल थेट बागेतून आणत होतात की वाशीच्या मार्केटमधून, हे सविस्तर लिहून पाठवा. तुमची बाजू तुमच्याच शब्दांत इथे छापतो.