डॉल्बीनं जवारी खाल्ली म्हणे!

घरातल्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवणाऱ्यांमध्ये एक सल्ला कायम फिरत असतो: ‘डेकवरचं डॉल्बीचं बटण बंदच ठेवा. ते हिस कापतं, पण सोबत तंबोऱ्याची जवारीही खातं. हिस नंतर सॉफ्टवेअरनं काढा.’ (हिस म्हणजे टेपचा सततचा सूं-सूं आवाज, जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या तारांचा झणझणता नाद.)

(इथं डॉल्बी म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत नव्हे. रे डॉल्बी १९६३ ते ६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते. मग लंडनला कंपनी काढून त्यांनी विकलं ते नको असलेला आवाज घटवणारं यंत्र. आपल्याकडे त्यांच्या नावाचं काय झालं ते बघा!)

‘कापतं’ इथंच पहिली गफलत आहे. कॅसेटवरच्या ‘डॉल्बी बी’चं निम्मं काम रेकॉर्डिंगच्या वेळीच होऊन गेलेलं असतं. हळू वाजणारे वरच्या पट्टीतले आवाज सुमारे १० डेसिबलपर्यंत उचलून टेपवर घेतलेले असतात. वाजवताना ते तितकेच खाली आणले जातात. संगीत मूळ जागी येतं. टेपची हिस मात्र उचललेली नसतेच, म्हणून ती खाली जाते. जोरकस आवाजाला हे यंत्र फारसा हात लावत नाही, तिथं हिस आपोआप झाकली जाते.

मग बटण बंद ठेवल्यावर जी चमक ऐकू येते, ती त्या उचललेल्या आवाजांची. स्टुडिओवाल्यांना हे पक्कं ठाऊक होतं. कोरसच्या आवाजात हवा भरायला काही जण मुद्दाम डॉल्बीतून रेकॉर्ड करत आणि पुढं उलगडतच नसत, म्हणजे उचललेले आवाज खाली आणतच नसत. ऐकायला छान, पण तो मूळ आवाज नव्हे. शिवाय ही उचल गाणं हळू-मोठं होईल तशी बदलते, त्यामुळे नंतर ट्रेबलचं बटण पिळून ती निघत नाही.

बटण लावलं की आवाज दबतो, हा अनुभव मात्र खरा आहे. माझ्या डेकवरही तेच व्हायचं. दोष निघाला तिरक्या हेडचा, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा. हेड तिरकं असलं की वरचे आवाज आधीच पडतात, डॉल्बीला ते ‘हळू’ वाटतात आणि ते त्यांना आणखी खाली ढकलतं. डॉल्बी बंद करून, दोन्ही चॅनल मोनोत एकत्र ऐकत, हेडचा स्क्रू अगदी हलकेच फिरवा. आवाज सर्वांत उजळ होईल तिथं थांबा आणि मग डॉल्बी लावा. कॅसेट मुळात डॉल्बीविना भरलेली असेल तर मात्र बटण खरंच नुकसान करतं. आधी कव्हरवर पाठीला पाठ लावलेल्या दोन ‘डी’ची खूण शोधा.

आता सॉफ्टवेअर. त्याला सहसा आधी निव्वळ हिसचा नमुना द्यावा लागतो. ख्यालाच्या रेकॉर्डिंगमध्ये तो आणायचा कुठून? पहिल्या क्षणापासून तंबोरा सुरू असतो, तोही एकसारखा. नमुन्यात तोच जातो आणि हिससोबत कापलाही जातो. म्हणजे जवारी खाणारा निघाला भलताच!

‘असली सगळी यंत्रं आवाज बिघडवतात’ हे शेपूटही जोडलं जातं. स्टुडिओत वेगवेगळ्या पट्ट्यांवर (ट्रॅकवर) भरलेले सोळा आवाज एकत्र मिसळले की एका ट्रॅकपेक्षा हिस १२ डेसिबलनं वाढते. म्हणून तर स्टुडिओत प्रत्येक ट्रॅकला डॉल्बी लावत. डीबीएक्स या हिस घटवणाऱ्या दुसऱ्या पद्धतीबाबत तक्रारीत तथ्य आहे: ते सगळा आवाज एकत्र दाबतं-फुगवतं, त्यामुळे एकट्या पियानोमागे हिस श्वास घेतल्यासारखी वरखाली होते. पण डीबीएक्सचं बटण बंद ठेवा असं कुणी सांगत नाही. न उलगडलेलं डीबीएक्स पाच मिनिटंही ऐकवत नाही.