परवडत नाही तर व्हायचं कशाला?

अर्धा किलो तुरीची चुरी आणि एक किलो कणी. दुकानात मी मागितलं ते एवढंच. शेजारी उभ्या असलेल्या काकांनी मान वळवून विचारलं, "कबुतरांना का?"

चुरी म्हणजे गिरणीत डाळ भरडताना पडणारे तुकडे. तूर तीच, शेत तेच, फक्त आकारात नापास. आमच्या दुकानात सध्या अख्खी डाळ 140 रुपये किलो आहे आणि चुरी 85. कणी म्हणजे मोडका तांदूळ, 32 रुपये. दिवसाला 50 रुपयांत आणि दूध-दही-तूप-मधाशिवाय जेवायचं म्हटलं की दुकानाच्या मागच्या कोपऱ्यातल्या या दोन पोत्यांशी सोयरीक करावीच लागते. हे मी काकांना सांगणार होतो. पण काकांच्या हातात कापडी पिशवी, त्या पिशवीत घडी घातलेली दुसरी कापडी पिशवी आणि समोर कबुतरवाला सापडलेला. ते थांबणार कसे?

"पुण्य लागतं असं वाटतं ना तुम्हाला? अहो, फुप्फुसं जातात लोकांची, फुप्फुसं! मुंबईत दादरचा कबुतरखाना ताडपत्री टाकून बंद केला, कोर्टापर्यंत गेलं प्रकरण. पेपर येतो ना घरी? इकडे आमच्या बी विंगला एसीच्या मागे दोन घरटी. अंडी घालतात, वर घूं घूं करतात. पहाटे साडेचारला! दंड आहे त्याला, ठाऊक आहे? मी फोटो काढून थेट वॉर्ड ऑफिसला पाठवतो." असं म्हणून त्यांनी खरोखरच मोबाइल काढला आणि फोटो घेतला. माझा नव्हे, चुरीच्या पोत्याचा. मुद्देमाल म्हणून असावा.

"काका, कबुतरांना नाही हो."

"मग कुत्र्याला? कुत्र्याला तूर देऊ नका, पोट फुगतं."

"कुत्रा नाही माझ्याकडे."

"मग कोणाला?"

"मला. मीच खातो."

दुकान गप्प झालं. चुरी मोजणाऱ्या पोराचा हात मापासकट थांबला. मागे साबुदाणा घ्यायला आलेल्या बाईंनी उगाचच मुगाचा भाव विचारला. काकांनी मोबाइल खिशात ठेवला आणि आवाज एकदम खाली आणला. इतका खाली की रांगेतल्या शेवटच्या माणसालाही तो ऐकायला कान द्यावा लागला, आणि त्याने तो दिला.

"नोकरी... आहे ना?"

"आहे."

"पगार वेळेवर होतो?"

"होतो, काका."

"होईल हो सगळं नीट. आम्हीही दिवस काढलेत. शेठ, यांना अर्धा लिटर दूध द्या. गाईचं. माझ्या वहीत मांडा."

"नको, काका. मी दूध घेत नाही."

"संकोच करू नका. मुलासारखे आहात."

"संकोच नाही. घेतच नाही."

"पचत नाही?"

"पचतं."

"मग दही घ्या."

"दहीही नाही."

"तूप?" मी मान हलवली. "बरं, ताक?" हे त्यांनी असं विचारलं की हो म्हणून टाकावंसं वाटलं. ताकालासुद्धा नाही म्हणणारा माणूस त्यांनी आयुष्यात पाहिला नसावा. मग त्यांच्या चेहऱ्यावरची करुणा हळूहळू ओसरली आणि खाली काहीतरी टणक लागलं.

"म्हणजे ते व्हीगन का?"

"हो."

"आमची सून आहे तसली. बदामाचं दूध पिते. साडेतीनशे रुपये लिटर."

"मला नाही परवडत ते."

"परवडत नाही तर मग व्हायचं कशाला?" काका गरजले. आणि गल्ल्याकडे वळून, "शेठ, ते दूध राहू द्या." शेठनी वहीत मांडलेलं अर्धा लिटर इमानेइतबारे खोडलं. पोराने चुरी तोलून पुडी बांधली आणि, सवयीने असेल, पुडीवर पेनाने लिहिलं: 'पक्षी'.

हे अजून डोक्यातून जात नाही. दूध परवडत नाही म्हणून न पिणारा माणूस लोकांना चालतो, त्याला ते अर्धा लिटर पाजतात. पैसा उतू चाललाय म्हणून दूध सोडणाराही चालतो, त्याला रेसिपी विचारतात. खिशात पैसे नाहीत आणि तरी स्वतःचं एक मत आहे, हे मात्र खपत नाही. मत बाळगायला किमान शिल्लक लागते, बँकेच्या खात्यासारखी.

आणि 'दुधाशिवाय जेवण' ही कल्पना तरी परग्रहावरून आली आहे का? 26 जानेवारी 2020 ला सरकारने 10 रुपयांत शिवभोजन थाळी सुरू केली. दोन पोळ्या, वाटीभर भाजी, मूदभर भात, वाटीभर वरण. दुधातुपाचं यादीत नावच नाही. पण त्या थाळीला कोणी व्हीगन म्हणत नाही, कारण ती 10 रुपयांची आहे. ज्वारीचंही तेच. 1972 च्या दुष्काळात रेशनवर आलेल्या मिलोचं, म्हणजे परदेशी लाल ज्वारीचं, नाव काढलं की आजही जुनी माणसं तोंड वाकडं करतात. 2023 हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष झालं, त्याच वर्षी अर्थसंकल्पात ज्वारी-बाजरी-नाचणीला 'श्रीअन्न' म्हटलं गेलं, आणि आता काचेच्या बरणीतून ज्वारी विकणारी दुकानं निघाली आहेत. तिथे जाऊ नका. बरणीचे पैसे लावतात.

हिशेब सांगतो, म्हणजे काकांच्या सुनेच्याही कामी येईल. एका माणसाचा दिवस: ज्वारी 200 ग्रॅम, दळणासकट 11 रुपये. कणी 100 ग्रॅम, 3 रुपये. डाळ, चुरी किंवा कडधान्य मिळून 100 ग्रॅम, 10 रुपये. शेंगदाणे 30 ग्रॅम आणि तेल 25 ग्रॅम, प्रत्येकी 4. भाजी 12. कांदा, लसूण, मिरची, मीठ, गूळ आणि कोऱ्या चहाची पावडर मिळून 6. झाले 50. गॅस यात धरलेला नाही. धरला तर काका बरोबर ठरतील.

"पण प्रथिनं?" हा प्रश्न, रोज वडापाव खाऊन राहणारे लोकसुद्धा मला विचारतात. वरच्या यादीत ज्वारीतून 20 ग्रॅम, डाळ-कडधान्यातून 22, कणी आणि दाण्यातून 14 च्या आसपास, म्हणजे पन्नासच्या वर जातात. तरी भीती वाटत असेल तर सुटी सोयावडी आणावी. 50 ग्रॅम वडीत साधारण 26 ग्रॅम प्रथिनं असतात आणि खर्च 6-7 रुपये. लोक वडी बिघडवतात ती पिळायच्या आळसाने. मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळायची, गार पाण्यात टाकायची, घट्ट पिळायची, पुन्हा धुवायची, पुन्हा पिळायची. पहिल्या पाण्याला जो वास येतो तो तुमच्या रश्श्यात यायला नको. न पिळलेली वडी मसाला आत घेत नाही आणि दाताखाली फरशी पुसायच्या ओल्या फडक्यासारखी लागते. पिळली की मग तिखट, हळद, आलं-लसूण लावून अर्धा तास ठेवायची आणि तेलात खरपूस परतायची.

आता चुरी. माझ्यासाठी हा जिव्हाळ्याचा विषय आहे. चुरी घेताना मूठभर हातात घेऊन हुंगायची. कुबट वास आला किंवा बारीक जाळी दिसली तर पोतं जुनं आहे. अख्ख्या डाळीपेक्षा चुरीला ओल आणि कीड लवकर लागते, कारण तुकडे झाल्यामुळे दाण्याचं पोट उघडं पडलेलं असतं. म्हणून पावसाळ्यात पंधरा दिवसांच्या वर साठवू नये. घरी आणल्यावर पाखडायची, मग धुवायची, तीही गाळणीत. पातेल्यात धुतली तर बारीक चुरा पाण्याबरोबर मोरीत जातो आणि 85 रुपयांची चुरी आपोआप 110 ची होते. शिजवताना थेट कुकरमध्ये ओतू नये. ती तळाला धरते, वर फेस चढून शिट्टीतून पिवळं पाणी भिंतीवर उडतं आणि ते डाग घरमालक डिपॉझिटमधून कापतो. डब्यात घालायची, तिप्पट पाणी, हळद, हिंग, चमचाभर तेल. दोन शिट्ट्या पुरतात. अख्ख्या डाळीला याहून जास्त लागतात, म्हणजे गॅसही वाचला. आमटीत गूळ आणि आमसूल घातलं की ही डाळ मोडकी होती हे कोणाच्या बापाला कळत नाही.

कणीला मात्र भाताचा हट्ट करू नये. नेहमीएवढं पाणी घातलं की गिचका होतो. एक तर आधी तेलावर कोरडी परतून उपमा करावा, किंवा मऊ भात. सगळ्यात उत्तम इडली-डोसा: तीन वाट्या कणीला एक वाटी उडीद डाळ आणि चमचाभर मेथ्या. नाहीतरी वाटायचंच आहे, तर अख्ख्या तांदळाचे पैसे कशाला द्यायचे?

ज्वारीचं उलटं आहे. महिन्याचं पीठ एकदम दळून आणण्यात शहाणपण नाही. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडेने भेगाळते आणि तव्यावर टाकताना हातात निम्मीच राहते. दोन-तीन किलोच दळायची. गेलीच विरी, तर पिठात कढत पाणी ओतून झाकून ठेवायचं आणि हाताला सोसेल एवढं गरम असतानाच मळायचं. हात भाजतो. पण तो फुकट भाजतो.

दह्यावाचून अडतं अशी तक्रार असेल तर दाण्याचं दही लावावं. वाटीभर शेंगदाणे रात्रभर भिजवून, सालं काढून, तीन वाट्या पाण्यात गुळगुळीत वाटायचे आणि फडक्यातून गाळायचे. दूध उकळताना समोरून हलायचं नाही, ते गाईच्या दुधापेक्षा जोरात वर येतं. कोमट झालं की त्यात हिरव्या मिरच्यांची पाच-सहा देठं बुडवून झाकून ठेवायचं. देठांवरचे जिवाणूच विरजणाचं काम करतात. पहिलं दही सैल लागतं, त्याचंच विरजण वापरून दुसरं लावलं की नीट बसतं. उरलेला चोथा थालिपिठात. एवढं होऊन कोणी पाहुणा म्हणतोच, "छान आहे, पण दाण्याची चव येते." दाण्याच्या दह्याला दाण्याची चव येते, याला मी काय करू?

उसळीवर लिंबू पिळायला विसरू नये, त्याने कडधान्यातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जातं. कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ आणि शेवग्याचा पाला. पाला तर बहुतेक सोसायट्यांत फुकट असतो, फक्त निवडायला जिवावर येतो. रात्री फडक्यात घट्ट गुंडाळून ठेवावा आणि सकाळी झटकावा, पानं आपोआप गळतात.

हे सगळं जमवून आणलं तरी एका जागी काटकसर हरते. बी-12. ते ना चुरीत आहे, ना पाल्यात, ना आंबवलेल्या इडलीत भरवशाचं आहे. गोळी घ्यावीच लागते. काकांनी हे विचारलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण काकांना फक्त ताक सुचलं. त्यातही बऱ्याच कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं, म्हणून साधी गोळी मागायची. मेडिकलवाला सुटी देत नाही, अख्खी पट्टी घ्यावी लागते आणि पट्टी म्हणजे दोन-तीन दिवसांचं जेवण.

ते पैसे भाजीतूनच निघतात, दुसरीकडे कापायला काही उरलेलंच नसतं. म्हणजे मंडईत रात्री साडेआठनंतर जायचं. पसरा आवरायची घाई असते, 20 चा वाटा 10 ला मिळतो. मेथीची जुडी सुकलेली, पालक मधून सडलेला, निवडायला तास लागतो आणि निम्मा पाला टाकून द्यावा लागतो. निम्मा टाकला तर वाटा 20 लाच पडला की! तो टाकलेला पाला गोळा करून न्यायला कोपऱ्यावर गाईवाली उभी असते. ती तो फुकट नेते आणि सकाळी त्याच गाईचं दूध 70 रुपये लिटरने विकते.