प्रश्न घोड्याचा नाही, कातडीचा आहे

केहिंदे वायली या अमेरिकन चित्रकाराच्या चित्रांवर बोलताना बहुतेक जण घोड्यापाशीच थांबतात. दाविद या फ्रेंच चित्रकाराच्या घोड्यावरच्या नेपोलियनच्या जागी कॅमोफ्लाज पँट घातलेला कृष्णवर्णीय तरुण बसवला, झाली चर्चा! (चित्र २००५ चं, ब्रुकलिन म्युझियममध्ये. खडकावर बोनापार्टच्या जोडीला कोरलेलं 'विल्यम्स' हे नाव जरूर शोधा.) माणूस बदलणं हा त्यातला सोपा भाग. वायलीसारख्या कृष्णवर्णीय माणसं रंगवणाऱ्या चित्रकारांचं मोठेपण कातडी कशी रंगवलीय यावर जोखायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

युरोपीय पोर्ट्रेटची रीत गोऱ्या कातडीवर घडली. मधला टोन धरायचा आणि उजेडाकडे पांढरा वाढवत न्यायचा. गडद तपकिरीवर हेच केलं की चेहरा खडू फासल्यासारखा दिसतो, कारण टायटेनियम व्हाइट रंगाला उजळवतानाच थंड आणि फिका करतो. सावळं मॉडेल रंगवताना आपल्याकडेही हीच गफलत होते. गडद कातडीवरची चकाकी भोवतालचा रंग घेऊन येते. आभाळाची निळी, भिंतीची पिवळी. म्हणून हायलाइट लहान, नेमका आणि रंगीत हवा. सावलीत बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा). नुसता काळा भरला तर तिथे भोक पडल्यासारखं वाटतं.

आणि केरी जेम्स मार्शल हा अमेरिकन चित्रकार नेमका काळाच वापरतो! आयव्हरी, कार्बन आणि मार्स असे तीन काळे. त्यांत कोबाल्ट ब्लू, क्रोम ऑक्साइड ग्रीन, डायॉक्साझिन व्हायोलेट मिसळून तो काळ्याच्याच उष्ण-थंड छटा करतो आणि त्यांच्यावर चेहरा उभा करतो. मोबाइलवर सपाट सावली दिसते; मूळ चित्रासमोर डोळे सरावले की गाल, पापणी, ओठ सुटे होतात. त्याचं 'स्कूल ऑफ ब्यूटी, स्कूल ऑफ कल्चर' (२०१२) पाहा. होल्बाइन या जर्मन चित्रकाराच्या 'अँबॅसेडर्स'मध्ये (१५३३) तिरपी ताणलेली कवटी आहे, तसं इथे ब्यूटी पार्लरमध्ये परीकथेतल्या सोनेरी केसांच्या राजकन्येचं डोकं ताणलेलं आहे, आणि एक लहान मूल वाकून ते न्याहाळतंय.

एमी शेराल्ड या अमेरिकन चित्रकर्तीची वाट वेगळी. काळा आणि नेपल्स यलो (फिका पिवळा) मिसळून ती कातडी करडी ठेवते. जुने चित्रकार जो करडा थर बऱ्याचदा रंगांखाली झाकत, तो तिच्याकडे अखेरपर्यंत उघडा राहतो.

तैलरंगात काळ्यावर काळा करून पाहणार असाल तर एक सांभाळा. आयव्हरी ब्लॅकमध्ये तेल जास्त असतं आणि तो फार सावकाश वाळतो. खाली तो जाड लावून वर लवकर वाळणारा रंग चढवला की तडे जातात. म्हणून खाली लवकर वाळणारा मार्स, वर आयव्हरी. वाळताना काळ्यातलं तेल जागोजागी खालच्या थरात शोषलं जाऊन तो मॅट (चमक नसलेला) होतो, तेव्हा सगळ्या छटा एकसारख्या भासतात. घाबरून पांढरा घालू नका. आधी रिटच वार्निशचा (चमक परत आणणाऱ्या तात्पुरत्या वार्निशचा) पातळ हात द्या, मग छटा जोखा.